दुधाच्या तीनशे बाटल्या

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी संकोचले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेराजवाडे आणि लढाया यांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण दुधाच्या बाटलीला आणि भाजीच्या पिशवीलाही इतिहास असतो, आणि तो आपल्यासारख्या बायकांनीच घडविलेला असतो. त्यातला एक येथे सांगते.

ही हकीकत जपानातील आहे. १९६५ साली टोकियो शहराच्या सेतागाया भागातील सुमारे दोनशे बायका एकत्र आल्या आणि मिळून दुधाच्या तीनशे बाटल्या घेऊ लागल्या. दूध स्वस्त पडावे, एवढाच हेतू. १९६८ साली त्यांची रीतसर सहकारी संस्था झाली. तिचे नाव सेइकात्सु क्लब. सेइकात्सु म्हणजे रोजचे जगणे.

स्वस्ताईपासून सुरू झालेले काम तेथेच थांबले नाही. मिनामाता गावी कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा मासळीतून लोकांच्या पोटात गेला, तो भयंकर आजार १९५६ साली उघडकीस आला होता. शेतांतही विषारी औषधांची फवारणी वाढली होती. आपण मुलांच्या ताटात काय वाढतो, ही धास्ती आयांना वाटू लागली. इकडे औषधे मारून शेतकऱ्यांच्याही प्रकृती बिघडत होत्या. म्हणजे दुखणे दोघांचे एकच होते.

१९७१ साली तेरुओ इचिराकु यांच्या पुढाकाराने सेंद्रिय शेतीसाठी एक संस्था निघाली. शेतकरी आणि गृहिणी यांच्यात जे नाते जुळले त्याला ‘तेइकेई’ म्हणतात, म्हणजे हातात हात घालून चालणे. १९७८ साली त्याची दहा तत्त्वे ठरली. भाव दोघांनी बसून ठरवावा, सांगून पिकवलेला सगळा माल घ्यावा, वाटप आपले आपण करावे, ही त्यांतली मुख्य. बाजारात काय मिळते यावर घरातले जेवण ठरवू नये, शेतात काय पिकले यावर ठरवावे, असा त्याचा अर्थ.

हे वाचून मला माझे माहेर आठवले. एका वर्षी वडिलांनी टोमॅटो बाजारात नेले. भाव इतका पडला की गाडीभाडेही सुटेना. माल तेथेच ओतून ते रिकामे क्रेट घेऊन परतले. त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यांचीच मी लेक, आणि आज भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालते! मला लाज वाटली, ती उगाच नव्हे.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे जपानातील बायका नोकरीला लागल्या, दुकानांतही सेंद्रिय भाजी मिळू लागली आणि तेइकेईचे पुष्कळ गट आटले. निवडणे, मोजणे, घरोघरी पोचविणे हे सारे काम बायकांनीच फुकट करायचे, असे धरून चालले होते. सेइकात्सु क्लब मात्र टिकला. १९८९ साली त्याला राइट लाइव्हलिहुड पुरस्कार मिळाला आणि आजही तो चालू आहे.

तेव्हा आपल्या मंडळापुढे माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी दहा घरांनी जवळच्या एका शेतकरी कुटुंबाशी बोलणी करावीत. भाव आधी ठरवावा आणि तो वर्षभर मोडू नये. तीन आठवडे दुधी भोपळाच आला तरी नाक मुरडू नये. भाजी, कोफ्ते, थालीपीठ, हलवा, आपल्याला काय करता येत नाही? कापडी पिशव्या घरून न्याव्यात आणि देठ-साली खतासाठी परत पाठवाव्यात. आणि पिशव्या उचलण्याची पाळी घरातील पुरुषांवर व मुलांवरही टाकावी, नाहीतर जपानात झाले तेच होईल.

त्या दोनशे जणी काही विदुषी म्हणून जमल्या नव्हत्या. त्यांना दूध हवे होते. आपल्याला भाजी तर रोजच लागते. पुढच्या वर्धापनदिनी या दहा घरांचा हिशेब मला येथे लिहायला मिळावा, एवढीच इच्छा.