चार माग आणि एक चूल

माझं आजोळ इचलकरंजीचं, त्यामुळे मागाचा खडखडाट कानाला सवयीचा. तरी मँचेस्टरला ऑनसाइट असताना एका सुट्टीत बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिल बघायला गेलो आणि चक्रावलो. १८९४ साली बांधलेली ही वाफेवरची गिरणी आता संग्रहालय आहे. दाखवण्यापुरते मोजकेच माग सुरू केले होते, पण शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पूर्ण शेड चालायची तेव्हा विणकर एकमेकांचे ओठ वाचत. त्या बोलण्याला तिकडे ‘मी-मॉइंग’ म्हणायचे.

मला जास्त गुंतवलं ते मजुरीच्या दरपत्रकांनी. १८५३ च्या ब्लॅकबर्नच्या दरपत्रकात आणि पुढे १८९२ मध्ये साऱ्या लँकशायरसाठी झालेल्या सामाईक दरपत्रकात मजुरी ठरे ती कापडावरून: पन्हा किती, लांबी किती, सुताचा नंबर कोणता, इंचात आडवे धागे किती. विणणारा पुरुष की बाई, याचा रकानाच नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, जेव्हा बहुतेक धंद्यांत बाईला पुरुषाच्या निम्मी मजुरी मिळणंही नवलाचं नव्हतं, तेव्हा! डेटाबेस डिझाइन करणाऱ्या माणसाला गाळलेल्या रकान्याचं मोल लगेच कळतं. मी हरखून त्याच रात्री आजीला फोन केला.

ती म्हणाली, “मग पोरं कोण सांभाळायचं रं?”

याचं उत्तर शोधायला मला काही महिने लागले.

१८७४ च्या कायद्यानंतरही कापडगिरणीतल्या बाईचा आठवडा साडेछप्पन तासांचा होता. पहाटे लांब काठीने खिडकी वाजवून उठवणारा माणूस यायचा. त्यासाठी त्याला दर आठवड्याला काही पेन्स द्यावे लागत. तान्हं मूल म्हातारीकडे, नाहीतर शेजारणीकडे पैसे देऊन ठेवायचं. ते रडू नये म्हणून ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ पाजलं जाई, ज्यात अफू असे. बाळंतिणीला चार आठवडे कामावर घेऊ नये, हा कायदा आला १८९१ मध्ये. चार आठवडे बिनपगारी घरी बसणं किती जणींना परवडलं असेल?

संध्याकाळी भाकरी, धुणं, पोरं पुन्हा तिच्याच वाट्याला. दर सारखा असला तरी कमाई सारखी नव्हती. चार माग एकटीने चालत. सहा मागांना हाताखाली पोर लागे, आणि ते सहा माग बहुधा पुरुषांकडे. जॉबर तर पुरुषच. त्याचा पगार त्याच्या हाताखालच्या विणकरांच्या कमाईवर बेतलेला, म्हणून तो बायकांच्या मागे हात धुऊन लागायचा.

आणि ते हाताखालचं पोर? १८४४ च्या कायद्याने आठ वर्षांचं मूल अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस शाळेत. वय वाढवत नेलं, १८९१ च्या कायद्याने ते अकरावर आलं. ही पद्धत बंद करायला विणकरांच्याच संघटना वर्षानुवर्षं तयार नव्हत्या. मला आधी त्यांचा राग आला. मग घराचा हिशेब मांडून पाहिला: भाडं, कोळसा, लाकडी तळाचे बूट. पोराचे शिलिंग काढले की खालची बेरीज जुळेना.

हे सगळं मी पुन्हा फोनवर आजीला सांगितलं. तिने घरात बसून तीस वर्षं कांड्या भरल्या. पैसे आजोबांच्या पगारातच येत.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आमच्या कांड्यांचा दर काय हुता, ते मला कुणी सांगितलंच नाही बघ.”