कासदाहाचा जिवाणू आणि प्रसूतिगृह

गरोदरपणाच्या नवव्या महिन्यात अहवालावर ‘ग्रुप बी स्ट्रेप : पॉझिटिव्ह’ असे वाचले, की घरात पहिला प्रश्न उमटतो, ‘हा रोग कुठून आला?’ या जिवाणूचा इतिहास पाहता तो प्रश्नच चुकीचा ठरतो.

१८८७ मध्ये फ्रान्सच्या नोकार आणि मोलेरो यांनी त्याचे वर्णन केले ते गाईंच्या कासदाहाच्या संदर्भात. ‘अ‍ॅगॅलॅक्टिए’ हे नावही दूध आटण्यावरून पडलेले. १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रिबेका लान्सफील्ड यांनी स्ट्रेप्टोकोकसांची, त्यांच्या पेशीभित्तिकेतील कर्बोदकांवरून, गटवारी केली. दोनच वर्षांत रोनाल्ड हेअर यांच्यासह त्यांना ‘बी’ गट बाळंतिणींच्या योनिमार्गात आढळला, आणि त्या स्त्रिया ठणठणीत होत्या! सूतिकाज्वराचा खरा गुन्हेगार होता ‘ए’ गट. साहजिकच ‘बी’कडे दुर्लक्ष झाले. १९३८ मध्ये लंडनहून तीन मातांच्या मृत्यूची नोंद आली, तरीही. १९७०च्या दशकात अमेरिकेत नवजातांच्या जंतुदोषाचे तो प्रमुख कारण ठरला, तेव्हा कुठे जाग आली.

गरोदरपणातच प्रतिजैविक द्यावे, ही स्वाभाविक कल्पना फसली. आतड्यातील साठ्यातून जिवाणू पुन्हा परततो. शिकागोत बॉयर आणि गॉटऑफ यांनी वेळच बदलली : औषध प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर, थेट शिरेतून. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत अँपिसिलिन मिळालेल्या मातांच्या ८५ बाळांपैकी एकाच्याही रक्तात जिवाणू सापडला नाही; न मिळालेल्यांच्या ७९ बाळांपैकी पाचांच्या रक्तात सापडला. आकडे लहान, पण दिशा निःसंदिग्ध. अमेरिकेने २००२ पासून सरसकट तपासणी स्वीकारली. ब्रिटनने मात्र नाही.

भारताचे चित्र वेगळे आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या दहा वर्षांच्या नोंदींत, १९९९ मध्ये, हे प्रमाण हजार जन्मांमागे अवघे ०.१७ आढळले. २०१६ च्या दिल्लीतील मोठ्या अभ्यासात नवजातांचे मुख्य शत्रू होते अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय. म्हणून येथे तपासणी सरसकट होत नाही. ज्या रुग्णालयात होते, तेथे अहवाल हाती येणारी स्त्री अनेकदा एकटीच गोंधळते.

वास्तविक तो अहवाल रोगाचा नसून वास्तव्याचा असतो. उपचार न झाल्यासही अशा मातांच्या शंभरांपैकी एक-दोन बाळेच आजारी पडतात. मात्र पेनिसिलिनचा पहिला डोस जन्माच्या किमान चार तास आधी मिळालेला बरा. त्यामुळे पाणमोट फुटताच घरी थांबू नये, आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास ती आधीच सांगून ठेवावी.