जर्मेनिया (युद्धखेळातील गट)

जर्मेनिया : ‘रोम : टोटल वॉर’ या संगणकीय युद्धखेळातील एक गट, खेळणाऱ्यांच्या बोलीत ‘फॅक्शन’. इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने हा खेळ सप्टेंबर २००४ मध्ये बाजारात आणला. पट इ. स. पू. २७० मध्ये मांडला जातो आणि इ. स. १४ मध्ये, म्हणजे सम्राट ऑगस्टस वारला त्या वर्षी, मिटतो. वर्षाला दोन पाळ्या, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. नकाशावर गावे वाढवायची, कर बसवायचा, फौज उभारायची आणि दोन फौजा भिडल्या की तीच लढाई मैदानात उतरून लढायची, असा हा दुहेरी डाव आहे. नव्या खेळाडूला आधी रोमची तीन घराणी तेवढी मिळतात. जर्मेनिया हाती यायचा, तर रोमन होऊन मोहीम तरी जिंकावी लागते किंवा जर्मेनियाला बुडवावे तरी लागते. जिंकणाऱ्याच्या दारातूनच हरलेल्याच्या घरात शिरायचे, ही योजना निर्मात्यांना विनोदी वाटली होती की नाही, कोण जाणे.

मुलूख : ऱ्हाईन नदीच्या आसपासचे रान. पैसा कमी, वसुली कमी. खेळात ज्यांना रानटी म्हटले आहे अशा गटांची गावे एका मर्यादेपलीकडे वाढतच नाहीत. त्यांना लाकडी कोट बांधता येतो, दगडी तट नाही. त्यामुळे घरी बसून बचाव करणारा खेळाडू इथे लवकर संपतो. गावांच्या नावांत निर्माते घसरले आहेत. ट्रियर आणि मोगोन्टियाकम (आजचे माइंत्स) ही दोन्ही रोमनांनी वसवलेली ठाणी, तीही ऑगस्टसच्या काळात. इ. स. पू. २७० च्या जर्मन नकाशावर ती असण्याचे काही कारण नाही. ‘गॉथिक’ घोडदळाचेही तेच. गॉथ लोक इतिहासात ठळकपणे येतात ते पुष्कळ उशिरा.

फौज : कणा म्हणजे भालाईत. हे भालाईत ग्रीकांसारखी दाट भाल्यांची भिंत, फॅलँक्स, उभी करतात आणि समोरून चाल करून येणारी रोमन पलटण तिथेच अडकते. खेळाडूंत या गटाचा जो दबदबा आहे तो या एका सोयीमुळे. भिंतीला तोंड एकाच बाजूचे असते. ती वळवायला वेळ लागतो आणि पाठीवर घोडेस्वार आले की ती क्षणात ढासळते. म्हणून मुरलेला खेळाडू भालाईत मध्ये ठेवतो, कुऱ्हाडवाले दोन्ही बगलांना आणि घोडदळ झाडीत दडवतो. रोमन सैनिक हातघाईवर येण्याआधी जवळून फेकभाले टाकतात. तो मारा भिंतीला सोसावा लागतो. तो संपून शत्रू भाल्यांच्या टोकाशी येऊन खिळला की मगच कुऱ्हाडी सोडायच्या. घाई केली तर तोच मारा कुऱ्हाडवाल्यांच्या अंगावर येतो, आणि त्यांच्याजवळ चिलखत जवळजवळ नाही.

जर्मन खरोखर अशी भिंत करत होते काय, यावर वाद आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास लिहिलेल्या ‘जर्मेनिया’त आखूड, अरुंद पात्याच्या भाल्यांचे आणि पाचरीसारख्या व्यूहाचे वर्णन आहे, लांब भाले मोजक्यांकडेच असत असे तो म्हणतो. उलट सीझरने इ. स. पू. ५८ मधील, जर्मन राजा अरिओव्हिस्टसविरुद्धच्या लढाईच्या हकिगतीत जर्मनांनी आपल्या रिवाजाप्रमाणे फॅलँक्स केल्याचे नोंदवले आहे. खेळाने सीझरचा शब्द मानला, आणि तोही जरा सढळपणे. या गटातली आरडाओरडा करणाऱ्या बायकांची तुकडी मात्र सरळ टॅसिटसमधून उचललेली दिसते. रणाजवळ उभ्या असलेल्या बायकांच्या आक्रोशाने मोडलेल्या फळ्या पुन्हा सावरल्याचे तो सांगतो. खेळात या बायका चक्क लढायला उतरतात, एवढी भर निर्मात्यांची.

घात : जर्मनांचा सर्वांत गाजलेला विजय फळीच्या जोरावर मिळालेला नाही. इ. स. ९ मध्ये ट्यूटोबर्गच्या रानात केरुस्की टोळीच्या आर्मिनियसने रोमन सेनापती वारुसच्या तीन पलटणी, सतरावी, अठरावी आणि एकोणिसावी, लांबलचक रांगेत चालत असताना कापून काढल्या. खेळाला हे बऱ्यापैकी जमले आहे. मोहिमेच्या नकाशावर फौज रानात दबा धरून बसवता येते, आणि घात साधला की शत्रू कूच करत असतानाच लढाई सुरू होते. ट्यूटोबर्ग ही स्वतंत्र ऐतिहासिक लढाई म्हणूनही दिलेली आहे.

रानातला घात जमतो, नदीतला जमत नाही. मराठवाड्यातल्या वाचकाला ही उणीव चटकन कळेल, कारण तिचे उत्तम उदाहरण बीड जिल्ह्यातच आहे. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावर राक्षसभुवन हे शनीच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तिथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजाम अलीच्या फौजेचा पराभव केला. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे होते. पानिपताला जेमतेम अडीच वर्षे झाली होती, आणि त्याच वर्षी निजामाने पुणे लुटून जाळले होते. पेशवे व त्यांचे काका राघोबादादा पुणे राखायला धावले नाहीत. त्यांनी निजामाचा मुलूख मारायला घेतला. निजामाला मिळालेल्या नागपूरच्या जानोजी भोसल्यांना ३२ लाखांच्या मुलखाचे आश्वासन देऊन फोडण्यात आले. पावसाळ्यात निजाम औरंगाबादकडे निघाला आणि गोदावरी ओलांडू लागला. तो स्वतः पार झाला. दिवाण विठ्ठल सुंदर आपल्या फौजेसह अलीकडच्याच काठावर राहिला. मध्ये श्रावणातली गोदावरी. मराठ्यांनी अलीकडच्या या भागावर झडप घातली. विठ्ठल सुंदर पडला, आणि पलीकडच्या निजामाला त्याच्या मदतीला येता आले नाही. पुढे औरंगाबादच्या तहात ८२ लाखांचा मुलूख सोडावा लागला.

‘रोम’मध्ये ही लढाई मांडून पाहावी, तर ती मांडताच येत नाही. नकाशावर फौज ही एकच सोंगटी असते. ती एक तर अलीकडे असते किंवा पलीकडे. अर्धी फौज पार झाली आणि अर्धी राहिली, अशी स्थिती येतच नाही. पूल आणि उतार बाराही महिने सारखेच चालू. पाण्याकाठी लढाई होते ती पूल अडवून धरण्याची. जर्मेनिया घेऊन खेळणाऱ्याला हे अधिक जाचते. त्याच्या मुलखात नद्या भरपूर आहेत आणि पैसा तुटपुंजा. अशा टोळीला शत्रूची फौज नदीवर दुभंगली असताना गाठूनच जगावे लागते, आणि नेमके तेच हत्यार खेळाने दिलेले नाही. मग तो फॅलँक्सवर विसंबतो, आणि जर्मन टोळी हळूहळू मॅसिडोनियन फौजेसारखी लढू लागते.

मराठे : ‘रोम’मध्ये नाहीत, नकाशा भारतापर्यंत पोचत नाही. त्याच कंपनीच्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) मध्ये मराठा राज्यसंघ खेळता येतो. तो पट १७०० मध्ये सुरू होतो.

इतर खेळांतील जर्मानिक टोळ्या : ‘रोम २’ (२०१३) मध्ये सुएबी. ब्राउझरवर चालणाऱ्या ‘ट्रॅव्हियन’ (२००४) या जर्मन खेळात रोमन, गॉल आणि ट्यूटन अशा तीन टोळ्या होत्या. त्यांतला ट्यूटन हा उघड लुटारूंचा पक्ष. त्याचा स्वस्तातला सोटेवाला एका खेपेला ६० नग माल उचलतो, रोमन पलटणीतला शिपाई ५०. ट्यूटनांचे व्यापारी सर्वांत संथ, पण ओझे सर्वांत जास्त वाहणारे. शेजाऱ्याची कोठारे रोज झाडून न्यायची ही या टोळीची रीत; एकाच गावावर दिवसातून अनेकदा धाड घालण्याला खेळाडू ‘फार्मिंग’ म्हणतात.

आवृत्त्या : ‘बार्बेरियन इन्व्हेजन’ ही पुरवणी (२००५), आयपॅडवर २०१६, अँड्रॉइडवर २०१८, फेरल इंटरॅक्टिव्हने नव्याने घडवलेली आवृत्ती एप्रिल २०२१.