कियांती प्रदेशातील सायकल पर्यटन

कियांती हा मध्य इटलीच्या तोस्काना प्रांतातील, फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या दरम्यान पसरलेला डोंगराळ मुलूख आहे. सांजोव्हेझे जातीच्या द्राक्षांपासून तयार होणाऱ्या तांबड्या वाइनसाठी तो प्रसिद्ध आहे. येथील सायकल पर्यटन जितके डांबरी रस्त्यांवर, तितकेच ‘स्त्रादे बियांके’ म्हणजे ‘पांढरे रस्ते’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडीच्या कच्च्या रस्त्यांवर चालते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे रस्ते एकेक करून डांबराखाली जात असताना त्यांच्या जतनाचा प्रश्न सायकलस्वारांनी पुढे आणला. त्यामुळे कियांतीतील सायकल पर्यटनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या रस्त्यांचाच इतिहास ठरतो.

भूरचना

उंचीच्या आकड्यांवरून हा प्रदेश सोपा वाटतो. कियांतीच्या डोंगररांगेतील सर्वोच्च शिखर, मोंते सान मिकेले, अवघे ८९३ मीटर उंच आहे. प्रत्यक्षात मात्र सायकलस्वाराची दमछाक होते, आणि तिचे कारण उंची नसून पुनरावृत्ती हे आहे. सह्याद्रीतील घाट एकदा चढून गेले की देशावरचे पठार लागते. कियांतीत असे पठार नाही. राद्दा, कास्तेल्लिना, पान्झानो ही गावे टेकड्यांच्या माथ्यावर, तर ग्रेव्हे आणि गायोले ही बाजाराची गावे दऱ्यांत वसलेली आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना मिळवलेली उंची ओढ्यापर्यंत उतरून गमवावी लागते आणि पुन्हा नव्याने मिळवावी लागते. चढ लांबीने थोडे, पण अनेक ठिकाणी दहा टक्क्यांहून अधिक तीव्र असतात. दिवसभरात ५०-६० किलोमीटर अंतर कापताना चढाईची बेरीज सहज हजार मीटरच्या घरात जाते. सपाटीवर रोज शंभर किलोमीटर सायकल चालविणाऱ्यानेही येथे निम्मेच अंतर योजावे, हे बरे.

जमीन दगडाळ आहे. ‘गालेस्त्रो’ हा ठिसूळ, पापुद्रे सुटणारा खडक आणि ‘आल्बेरेझे’ हा फिकट रंगाचा चुनखडक येथे सर्वत्र आढळतात. दगडाळ उतारावर पाणी साचत नाही, म्हणून द्राक्षवेलीला ही जमीन मानवते. रस्त्यांचा पांढरा रंगही अशाच फिकट दगडाच्या खडीचा आणि तिच्या भुकटीचा असतो. द्राक्षबागा दिसतात सर्वत्र, तरी या प्रदेशाचा मोठा भाग ओक आणि चेस्टनटच्या रानाने व्यापलेला आहे. उन्हाळ्यात सायकलस्वाराला सावली मिळते ती याच रानांत.

पांढऱ्या रस्त्यांची पार्श्वभूमी

कियांतीच्या वाइनला प्रादेशिक सीमा घालून देणारा पहिला हुकूम तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने १७१६ मध्ये काढला. एकोणिसाव्या शतकात ब्रोलियोच्या किल्ल्याचे मालक आणि इटलीचे पंतप्रधान राहिलेले बेत्तिनो रिकासोली यांनी सांजोव्हेझेला प्राधान्य देणारे मिश्रण ठरविले. १९२४ मध्ये राद्दा येथे ३३ उत्पादकांनी संघ स्थापन केला. काळा कोंबडा हे त्याचे चिन्ह आज कियांती क्लासिको वाइनच्या बाटलीवर दिसते. १९३२ मध्ये कियांती हे नाव वापरण्याची मुभा आसपासच्या बऱ्याच मोठ्या क्षेत्राला मिळाली. तेव्हापासून मूळच्या डोंगराळ भागाला ‘क्लासिको’ हे विशेषण लावून वेगळे ओळखले जाते. या लेखात अभिप्रेत असलेला प्रदेश तोच.

वाइनचा हा इतिहास बहुतेक पुस्तकांत सापडतो. तिच्यामागील शेतीव्यवस्थेकडे मात्र कमी लक्ष दिले जाते, आणि रस्त्यांचा उगम तेथेच आहे. शतकानुशतके येथे ‘मेझाद्रिया’ ही पद्धत रूढ होती. मराठी वाचकाला ती अर्धेलीच्या शेतीवरून चटकन समजेल: जमीन व घर मालकाचे, राबणूक कुळाची आणि उत्पन्न निम्मे-निम्मे. कुळाचे कुटुंब गावात न राहता आपल्या वाट्याच्या शेतातच, दगडी घरात राही. द्राक्षवेली, ऑलिव्ह आणि धान्य एकाच शेतात पिकवले जाई. अशी विखुरलेली घरे एकमेकांना, गावाला आणि देवळाला जोडण्यासाठी वाटांचे दाट जाळे तयार झाले. बैलगाडीच्या चाकासाठी त्यांवर खडी अंथरली गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्था कोसळली. तरुण कुटुंबे कारखान्यांतील कामासाठी शहरांकडे गेली, आणि १९६४ च्या कायद्याने मेझाद्रियाचे नवे करार करण्यास बंदी घातली. हजारो घरे ओस पडली. ज्या वाटेच्या टोकाला कोणी राहतच नाही, ती डांबरी करण्याची निकड कोणाला वाटणार? हे रस्ते पांढरे राहिले ते सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे, तर विस्मरणामुळे. पुढे ओस घरांची डागडुजी होऊन त्यांत पाहुणे राहू लागले. १९८५ च्या कायद्याने कृषी पर्यटनाला राष्ट्रीय चौकट मिळाली. माणसे परतली, तशी डांबराची मागणीही परतली.

लेरोइका

गायोलेचे सायकलप्रेमी जानकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ मध्ये ‘लेरोइका’ (‘वीरांची’ या अर्थाचे नाव) ही सायकल फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण सहभागी झाले. जुन्या काळच्या सायकलिंगचे स्मरण आणि पांढऱ्या रस्त्यांचे रक्षण असे तिचे दुहेरी उद्दिष्ट होते. ही शर्यत नव्हे, विजेता कोणी नसतो. सायकल १९८७ पूर्वीच्या धाटणीची असावी लागते: गिअर बदलण्याच्या दांड्या खालच्या तिरक्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलबाहेरून गेलेल्या आणि पॅडलला पाय अडकविण्याचे पट्टे. स्वार लोकरीचे जर्सी घालतात. वाटेतील थांब्यांवर आधुनिक शक्तिवर्धक पेयांऐवजी पाव, ऑलिव्हचे तेल, भाज्यांचे रटरटीत सूप आणि वाइन मिळते.

सर्वांत लांब मार्ग सुमारे २०९ किलोमीटरचा असून त्यावर साडेतीन हजार मीटरहून अधिक चढाई आहे. सुमारे निम्मा मार्ग कच्चा आहे. पहाटेच्या अंधारात गायोलेहून निघालेल्या स्वारांना ब्रोलियोच्या किल्ल्याकडे जाणारा सायप्रसच्या झाडांमधील पांढरा चढ पहिल्या टप्प्यातच लागतो. या मार्गावर कायमस्वरूपी दिशादर्शक पाट्या लावलेल्या असल्याने वर्षभर कोणालाही तो स्वतंत्रपणे पार करता येतो.

लेरोइकाच्या प्रेरणेने २००७ मध्ये व्यावसायिकांची ‘स्त्रादे बियांके’ ही शर्यत सुरू झाली. आता ती मार्चमध्ये होते व सिएनाच्या पियाझ्झा देल काम्पो या चौकात संपते. महिलांची शर्यत २०१५ पासून होते. आरंभीची काही वर्षे ती गायोलेहून सुटत असे. आज मात्र तिचा बराचसा मार्ग सिएनाच्या दक्षिणेकडील चिकणमातीच्या, जवळजवळ वृक्षहीन टेकड्यांतून जातो. दूरचित्रवाणीवर दिसणारा तो उघडा प्रदेश म्हणजेच कियांती, असा समज त्यामुळे पसरला आहे, तो बरोबर नाही.

पांढरे रस्ते राखावेत, यावर पाहुण्यांचे एकमत असते. तेथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न इतका सोपा नाही. उन्हाळ्यात प्रत्येक मोटारीमागे उठणारी धूळ खिडक्यांवर आणि रस्त्याकडेच्या वेलींवर बसते, पावसात चाकोऱ्या पडतात व वरचेवर नवी खडी टाकावी लागते. आजारी माणसाला रुग्णालयात नेताना रस्त्याच्या प्राचीनतेचे कौतुक कोणाला राहणार? तरीही ज्यांना केवळ न झालेले काम म्हणून पाहिले जाई, ते रस्ते आता वारसा मानले जातात, हे लेरोइकाचे श्रेय होय.

मार्ग

फ्लोरेन्स ते सिएना हा सुमारे ७० किलोमीटरचा ‘व्हिया कियांतिजाना’ (मार्ग क्रमांक २२२) नवख्यांचा नेहमीचा मार्ग आहे. फ्लोरेन्सच्या वेशीवरील पोंते आ एमा हे गाव सायकलपटू जिनो बार्ताली (१९१४–२०००) यांचे जन्मस्थान असून तेथे त्यांच्या नावाचे सायकल संग्रहालय आहे. महायुद्धकाळात ज्यू कुटुंबांसाठीची बनावट कागदपत्रे सायकलच्या नळीत लपवून पोहोचविल्याबद्दल त्यांना २०१३ मध्ये मरणोत्तर ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ हा इस्रायलचा सन्मान मिळाला. पुढे ग्रेव्हेचा त्रिकोणी चौक लागतो. तेथून पान्झानोपर्यंतच्या सहा-सात किलोमीटरांत सुमारे अडीचशे मीटर चढावे लागते. कास्तेल्लिनानंतर सिएनापर्यंत उतार अधिक आहे. शनिवार-रविवारी या रस्त्यावर मोटारी व मोटरसायकलींची वर्दळ असते, म्हणून अनुभवी स्वार कास्तेल्लिनाहून राद्दा व गायोलेकडे वळतात.

डोंगराळ भागात रेल्वे नाही. पश्चिमेस पोज्जीबोन्सी आणि पूर्वेस मोन्तेव्हार्की ही जवळची स्थानके होत. प्रादेशिक गाड्यांतून सायकल नेण्याची सोय असते.

ऋतू आणि व्यवहार

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने योग्य. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान बरेचदा ३५ अंशांच्या वर जाते आणि माथ्यावरच्या मार्गांवर पाणी दुर्मीळ असते. द्राक्षतोडणी साधारणपणे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. त्या दिवसांत अरुंद वळणांवर भरलेले ट्रॅक्टर समोर येतात. कच्च्या रस्त्यासाठी रुंद टायर, हलका गिअर आणि पंक्चर काढण्याचे साहित्य हवे. उतारावर सैल खडीत पुढचा ब्रेक एकदम दाबल्यास चाक घसरते. वीजसाहाय्यित सायकली भाड्याने मिळू लागल्यापासून वयस्कांनाही हा प्रदेश खुला झाला आहे.

अनेक वाइननिर्मिती केंद्रांत चव घेण्यासाठी आधी वेळ ठरवावी लागते. चव घेऊन वाइन थुंकून टाकण्याची तेथे पद्धत आहे व त्यासाठी भांडे ठेवलेले असते. असे करणे उद्धटपणाचे मानले जात नाही. मद्यपान करून वाहन चालविण्याचा गुन्हा इटलीत सायकलस्वारालाही लागू होतो, आणि त्यासाठीची मर्यादा प्रतिलिटर रक्तात ०.५ ग्रॅम मद्यार्क इतकी आहे. प्रौढांना हेल्मेटची सक्ती नाही, परंतु बोगद्यात आणि वस्तीबाहेर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून चमकदार जाकीट घालणे बंधनकारक आहे. विकत घेतलेल्या बाटल्या सायकलवर वाहून नेण्याऐवजी घरपोच पाठविण्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी होते.