सच्छिद्र धातूचा टेकू

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातली हजारो माणसे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, म्हणजे सारा भार खुब्यावर. हाच खुबा आतून मरू लागला तर? या प्रश्नाला वैद्यकाने दिलेल्या उत्तरांचा इतिहास मला आज सांगायचा आहे.

मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मोजक्याच वाटांनी मिळते. अपघात, अति मद्यपान, स्टेरॉइडचे मोठे डोस किंवा सिकलसेलमुळे त्या वाटा बंद झाल्या की हाड मृत होते आणि पुढे खचते. खचलेला गोळा पूर्ववत होत नाही. मग कृत्रिम सांधाच बसवावा लागतो.

म्हणून सारी धडपड खचण्याआधीची. शिकागोच्या फेमिस्टर यांनी १९४९ साली गोळ्यात बोगदा पाडून रुग्णाचेच हाड आत बसवण्याची पद्धत मांडली. फ्रान्सच्या फिका आणि आर्ले यांनी १९६०च्या दशकात छिद्र पाडून हाडातला दाब कमी केला. पण छिद्र पडलेल्या गोळ्याला आधार कशाचा?

इथे टँटलम आला. स्वीडनच्या एकेबर्ग यांनी १८०२ साली शोधलेला हा धातू शरीरात गंजत नाही. त्याचा स्पंजासारखा, सुमारे ऐंशी टक्के पोकळ दांडा तयार झाला. त्याच्या छिद्रांत नवे हाड शिरेल आणि गोळा तोलला जाईल, अशी आशा होती. २००८ साली मॉन्ट्रियलच्या शल्यचिकित्सकांनी निकामी ठरल्यामुळे काढलेले दांडे तपासले. छिद्रांत हाड जेमतेम शिरले होते आणि गोळ्याला पुरेसा आधारही मिळाला नव्हता.

मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. संजय अगरवाला यांनी दुसरी वाट धरली. हाडाची झीज रोखणारे अ‍ॅलेंड्रोनेट हे औषध त्यांनी वापरले. २००५ साली त्याचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नव्हते. कोविडनंतर हा आजार जडलेल्या तीन रुग्णांची नोंदही त्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. तिघांनाही स्टेरॉइड दिलेले होते.

या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. बोगदा असो, दांडा असो वा गोळी, उपयोग होण्याची आशा गोळा शाबूत असेपर्यंतच. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. तेव्हा जांघेतली कळ चालताना वाढत असेल, गुडघ्यापर्यंत जात असेल, तर ‘कंबर धरली’ म्हणून गोळ्या गिळत बसू नका. पट्टा पडेपर्यंत थांबू नका. हाड तेवढे थांबेलच असे नाही.