पित्ताशयातील खडे

पित्तरसातील घटक पित्ताशयात साचून, घट्ट होऊन बनलेले खडे. यकृताखालच्या या छोट्या पिशवीत साधारण 30 ते 50 मिलिलिटर पित्तरस मावतो. खडा मात्र वाळूच्या कणापासून सुपारीएवढाही असू शकतो. कोलेस्टेरॉलचे खडे पिवळसर असतात. तांबड्या पेशी फुटून वाढलेल्या बिलिरुबिनचे खडे काळे आणि ठिसूळ.

बडोद्यात या काळ्या खड्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. शहराच्या पूर्वेला आणि आग्नेयेला छोटाउदेपूर, नर्मदा जिल्ह्यांचा आदिवासी पट्टा आहे आणि तिथे सिकलसेल आढळतो. या आजारात विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे शाळकरी वयातही खडे होतात. पोटदुखी सिकलसेलचीच समजून अंगावर काढली जाते, हे वाईट. अशा मुलाची सोनोग्राफी व्हायलाच हवी. बडोदा मेडिकल कॉलेजशी (स्थापना 1949) जोडलेले सयाजीराव रुग्णालय हा या भागाचा मोठा आधार. सिकलसेलच्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी हिमोग्लोबिन, शरीरातले पाणी आणि प्राणवायू यांबाबत खास जपावे लागते.

बहुतेकांना खड्यांचा त्रास कधी होतच नाही. होतो तेव्हा तेलकट जेवणानंतर, बरेचदा रात्री, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येते, पाठीत वा उजव्या खांद्यात जाते आणि काही तास टिकते. ॲसिडिटी समजून लोक सोडा पितात. डॉक्टर बरगडीखाली बोटे दाबून दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. पित्ताशय सुजले असेल तर श्वास मध्येच अडकतो.

त्रास नसेल तर सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. कळा येत असतील तर पित्ताशयच काढतात, कारण नुसते खडे काढले तर ते पुन्हा होतात. कार्ल लांगेनबुख यांनी 1882 मध्ये बर्लिनला ही शस्त्रक्रिया प्रथम केली; दुर्बिणीतून ती 1985 मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी केली. भारतात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ती आणली. आता पोटावर चार लहान छिद्रे पाडतात आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. पित्तरस पुढे यकृतातून थेट आतड्यात उतरतो, पचन चालू राहते.

ऑलिव्ह तेल आणि लिंबूरस पिऊन ‘खडे पडले’ असे सांगितले जाते. शौचातून पडतात त्या बहुधा त्याच तेलाच्या साबणासारख्या गुठळ्या. खडे जागेवरच राहतात.

पोटदुखीबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर खडा पित्तनलिकेत अडकलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.