तणावा

हौशी रेडिओवाल्याचा मनोरा एकट्याच्या बळावर उभा नसतो. तीन दिशांना, एकमेकींशी 120 अंशांचा कोन धरून जमिनीकडे ओढणाऱ्या तारा त्याला सावरून धरतात. या तारेला रेडिओवाले इंग्रजीच्या वळणाने ‘गाय’ म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘वाट दाखवणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला दिसतो, गोठ्याशी त्याचा काही संबंध नाही. विजेचा लाइनमन ‘स्टे’ म्हणतो, आणि वऱ्हाडातला शेतकरी नुसते ‘ताण’. धुऱ्यावरच्या खांबाच्या ताणात वीज उतरून बैल दगावल्याची बातमी दर पावसाळ्यात कुठून ना कुठून येतेच. पण मराठीच्या जुन्या सामानात या वस्तूला एक नेटका शब्द पडून आहे, तो म्हणजे तणावा.

तणावा म्हणजे तंबूची दोरी. शब्द ऐकताच कुणीही म्हणेल, यात शोधायचे काय? संस्कृत ‘तन्’, म्हणजे ताणणे. तंतू, तंत्र, ताणा, ताण, तणाव ही सगळी त्याचीच पिलावळ, तेव्हा तणावाही त्यातलाच. इथेच फसगत होते. अरबीत तंबूच्या दोरीला ‘तुनुब’ म्हणतात, फारसीत तिचा ‘तनाब’ झाला आणि छावण्यांबरोबर तो दक्षिणेत उतरला. शेवटच्या ‘ब’चा ‘व’ होणे आपल्याकडे नवीन नाही. ‘न’चा ‘ण’ मात्र बोलणाऱ्यांनी ‘ताणणे’ मनात ठेवून केला असावा. पाहुणा घरच्यासारखा दिसत होता म्हणून त्याला घरचेच आडनाव लावले, इतकेच.

याच्या उलट गंमत ‘तार’ शब्दाची. तो फारसीतून आला हे सर्वमान्य दिसते. फारसीत ‘तार’ म्हणजे मागावरचा उभा धागा. पण त्याचे प्राचीन इराणी रूप संस्कृत ‘तंत्र’ शब्दाचे भावंड असावे, आणि तंत्राचा मूळ अर्थही मागावरचे उभे सूत हाच. म्हणजे परकी वाटणारी तार आपल्या ‘तन्’च्या कुळातली आणि आपला वाटणारा तणावा अरबस्तानातला! ‘बिनतारी’ शब्दात तर संस्कृत ‘विना’ आणि ही फारसी तार शेजारी बसली आहेत. हौशी रेडिओवाल्याची सगळी उठाठेव तारांचीच असते हे पाहिले की या नावाचे हसू येते.

तनाबाची आणखी एक हकीकत अकबराच्या दरबारातली. जमीन मोजायच्या दोरीलाही तेव्हा तनाबच म्हणत. ती दोरी ओलीने आखडे, उन्हात सैल पडे, आणि मोजणीत लबाडीला वाव राही. म्हणून 1575 च्या सुमारास लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची तनाब सुरू झाली, असे ‘ऐन-इ-अकबरी’ सांगते. पुढे वीसेक वर्षांत वऱ्हाडही मोगलांकडे गेले. दोरीचा तो स्वभाव पोलादी तणाव्यानेही सोडलेला नाही. अकोल्याच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तो लांबतो, पौषाच्या पहाटे आखडतो. तुटण्याच्या ताकदीच्या दहाएक टक्के ताण ठेवावा असा साधारण नियम आहे, आणि वैशाखातल्या वावधनाआधी तो तपासावा लागतो. तणाव्यात मधे मधे चिनी मातीची ‘अंडी’ ओवलेली असतात. एरवी अखंड तार स्वतःच लहरी झेलू लागते आणि अँटेनाच्या कामात लुडबूड करते. या अंड्यांना दुसरे नाव द्यायची कुणाला गरज वाटली नाही, आणि ते बरेच झाले.

तणावा छावण्यांबरोबर आला, त्यावरून आठवले. 29 नोव्हेंबर 1803 ला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रज सेनापती वेलस्लीशी लढली, आणि पंधरवड्याने गाविलगड पडला. त्या महिन्यात या काळ्या रानात किती तणावे रोवले गेले असतील! आणि जिथे तणावा तिथे मेख. ‘मेख’ही फारसी. मराठीने ती इतकी आपली केली की ‘यात एक मेख आहे’ म्हणताना कुणाला खुंटी आठवत नाही. मनोरा उभारणाऱ्याला मात्र आठवते, कारण वऱ्हाडात खरी मेख मातीतच आहे. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि तिच्यात रोवलेली मेख वर्षभरात हलू लागते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदून काँक्रीट भरायचे. (हा ‘मुरूम’ इंग्रज इंजिनिअरांनी इथून उचलला असावा. पूर्व आफ्रिकेत अजून कच्च्या रस्त्याला ‘मरम’चा रस्ता म्हणतात.) पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात आणखी एक तिढा. ‘खार’ म्हणजे ‘क्षार’, ‘पाण’ म्हणजे पाणीच असावे. शेतकऱ्याला नकोशी झालेली ही खारी जमीन विजेची उत्तम वाहक, त्यामुळे उभ्या अँटेनाला आणि अर्थिंगला ती मानवते. पण पुरलेल्या लोखंडाला तीच खाते.

‘मनोरा’ शब्द मनोहर, मनोरथ यांच्या पंक्तीत बसलेला दिसतो, पण तोही तोतयाच. अरबी ‘मनारा’ म्हणजे उजेडाची जागा. ‘नूर’ म्हणजे प्रकाश, ‘नार’ म्हणजे अग्नी, त्यांचाच हा धातू. हिब्रू ‘मेनोरा’ म्हणजे सात फांद्यांची समई, ती याचीच बहीण. म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींच्या घरी या बहिणींची भेट झालीच असणार. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा गावाचे नाव यात ओढायचा मोह होतो, पण पुराव्यावाचून तो आवरलेला बरा. वऱ्हाडात आज मनोरा कुणी म्हणत नाही, ‘टावर’ म्हणतात, आणि तोही लोखंडाचा राहिलेला नाही. ‘इथं टावर नाही भेटत’ म्हणजे मोबाईलला रेंज नाही.

‘अँटेना’ हा लॅटिनमध्ये शिडाचा आडवा वासा. डोलकाठीला बांधलेल्या या वाशाला आपले दर्यावर्दी परभाण म्हणतात. ॲरिस्टॉटलने किड्यांच्या मिशांना ‘शिंगे’ म्हटले होते. त्या ग्रीक शब्दाचा दुसरा अर्थ शिडाच्या वाशाची टोके असाही होता. पंधराव्या शतकात थिओडोर गाझाने लॅटिन भाषांतर करताना तो दुसरा अर्थ घेतला आणि किड्यांना अँटेना फुटल्या. आपल्या प्राणिशास्त्राने ‘शृंगिका’ शब्द घडवला आणि नकळत ॲरिस्टॉटलची शिंगे परत आणली, कारण ग्रीक ‘केरास’ आणि संस्कृत ‘शृंग’ एकाच मुळाचे. रेडिओत हा शब्द मार्कोनीमुळे रुळला, आणि इटालियनमध्ये तंबूच्या मधल्या खांबालाही अँटेना म्हणत, असे सांगतात. तसे असेल तर खांबही तंबूचा, दोरीही तंबूची, फक्त कापड उडाले!

गच्चीवरची टीव्हीची काड्याकाड्यांची अँटेना म्हणजे यागी. 1926 च्या सुमारास जपानमधल्या यागी आणि उदा या दोघांनी ती जगापुढे आणली. जपानी लिपीत ‘यागी’ म्हणजे आठ झाडे. 1942 मध्ये सिंगापुरात एका ब्रिटिश सैनिकाची वही जपान्यांच्या हाती लागली. तिच्यात हा शब्द पुन्हा पुन्हा येई, आणि तो आपल्याच प्राध्यापकाचे नाव आहे हे त्यांना कैद्याकडून कळले. आपल्याकडे या आठ झाडांनी वेगळीच भाषा घडवली. गच्चीवरून ओरडायचे, “दिसून राह्यलं काय?” आणि खालून उत्तर यायचे, “नाही बे, मुंग्याच हायेत!” पडद्यावरच्या मुंग्या घालवायला मुंगीच्याच मिशा फिरवायच्या, हा योग बाकी जुळून आला.

उंच खांबाची निगा वऱ्हाडाला नवीन नाही. चांदूर रेल्वे तालुक्यातल्या सावंगा विठोबाला गुढीपाडव्याच्या यात्रेत, कापराच्या धुरात, सत्तर फुटांहून उंच ध्वजांची जुनी खोळ काढून नवी चढवतात. चढणारा दोरांच्या आधाराने वर जातो. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अर्धी तरंगलांबी सुमारे 21 मीटर, म्हणजे सत्तर फुटांच्या आसपासच. रेडिओवाल्याच्या मनात हा हिशेब आल्यावाचून राहत नाही.

आणि ‘हौशी’? अरबी ‘हवस’ म्हणजे वेड, उर्दूत लालसा. मराठीने तिचे नख काढून ‘हौस’ केली. इंग्रजी ‘हॅम’ची कथाही तशीच. तारखात्यात अडाणी हाताच्या नवशिक्याला दिलेली ही शिवी रेडिओवाल्यांनी बिरुदासारखी मिरवली. भारतात परीक्षा देऊन परवाना काढल्याशिवाय ही हौस भागवता येत नाही. पण 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बाहेरून गेलेल्या अशाच हौशी लोकांनी निरोप पोचवले.

एक शब्द मात्र अडून राहिला आहे. तणाव्याचा ताण कमी-जास्त करणारा, दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असलेला पेच, त्याला बाजारात ‘टर्नबकल’ म्हणतात. मांडववाले, लाइनमन किंवा सावंग्याचे दोरकरी यांच्या तोंडी त्याला दुसरा शब्द असेल, तर वाचकांनी तो गावाच्या नावासह जरूर कळवावा.